तू, मी आणि फाटकाचा खांब

दगडफूल:

मंडळी, चार वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लीड्सला येऊन आता अडीच वर्षं झाली. पुण्यात असताना रोज गोऱ्यांबरोबर कॉल असायचे त्यामुळे भाषेचं काही टेन्शन नव्हतं, ते इथे आल्यावर सुरू झालं, कारण कॉलवर लोक इंग्रजी बोलतात आणि इथे यॉर्कशायरी. असो. आमच्या टीममध्ये एक बाई आहेत, रिटायर व्हायला वर्ष राहिलंय, मला अगदी लेकासारखं वागवतात. महिन्यापूर्वी मी किटलीपाशी चहाचं पाणी उकळायची वाट बघत उभा होतो तर त्या जवळ आल्या, इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या की आपला मजला उन्हाळ्याच्या आत रिकामा करतायत, सगळ्यांना दुसऱ्या बिल्डिंगमध्ये कोंबणार. आणि शेवटी म्हणाल्या, 'बिट्वीन यू, मी अँड द गेटपोस्ट.'

आता आमच्या ऑफिसच्या चॅटवर प्रत्येक गोष्टीचं एक वेगळं चॅनेल आहे, त्यांची नावंही काहीच्या काही. मला वाटलं 'गेट पोस्ट' असं कुठलंतरी चॅनेल असणार, गेटवरच्या सूचना वगैरे टाकायचं, आणि बातमी तिथे ऑलरेडी पडलीये, म्हणजे ती तुला मला आणि त्या चॅनेलवाल्यांना माहितीये. तेव्हा मी निर्धास्तपणे दुपारी जेवताना समोरच्याला विचारलं, काय रे, नवीन बिल्डिंगमध्ये पार्किंग आहे का? समोरचा आमच्या मॅनेजरचा मॅनेजर होता. त्याचा घास हातातच राहिला.

घरी येऊन शोधलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गेटपोस्ट म्हणजे फाटकाचा खांब. तू, मी आणि हा फाटकाचा खांब, बाकी कोणाला कळता कामा नये. एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे म्हणे, कधी नुसता 'पोस्ट', कधी 'बेडपोस्ट' म्हणजे पलंगाचा खांब, कधी 'लॅम्पपोस्ट'. डिकन्सच्या १८३८-३९ सालच्या 'निकोलस निकल्बी'त नुसता पोस्टवाला अवतार सापडतो. खांबच का, तर माझा अंदाज असा की इंग्रजीत ठार बहिऱ्या माणसाला 'डेफ अ‍ॅज अ पोस्ट' म्हणतात, ही उपमा त्याहून पुष्कळ जुनी आहे. म्हणजे तिसरा हजर आहे पण त्याला ऐकू येत नाही.

तर प्रश्न असा, मराठीत असा तिसरा कोण आहे? 'तुझ्यात माझ्यात ठेव' आहे, 'या कानाचं त्या कानाला कळू देऊ नकोस' आहे, 'अळीमिळी गुपचिळी' आहे. पण खांबासारखा साक्षीला उभा केलेला कोणी आठवत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टोणगा:

आमच्या सोसायटीत फाटकाच्या खांबाला टेकून वॉचमन बसतो. त्यामुळे 'तू, मी आणि फाटक' याचा अर्थ ए विंग, बी विंग, पाण्याचा टँकरवाला आणि इस्त्रीवाला असा होतो. हलकेच घ्या.

मुळामुठा:

पार्किंग =)) =)) मेलो.

मॅनेजरच्या मॅनेजरला तोंडावर पार्किंग विचारणारा माणूस मराठीच असू शकतो.

पंतोजी:

चांगला विषय. तुम्ही 'षट्कर्णी होणे' कसं विसरलात? आपल्याकडे खांब नाही कारण आपण सरळ कानच मोजतो. सुभाषित असं:

षट्कर्णो भिद्यते मन्त्रश्चतुष्कर्णो न भिद्यते ।
द्विकर्णस्य तु मन्त्रस्य ब्रह्माप्यन्तं न गच्छति ॥

मंत्र म्हणजे इथे मसलत, जपाचा मंत्र नव्हे, मंत्री शब्दातला मंत्र. मसलत सहा कानांवर गेली की फुटली, चार कानांवर असेल तोवर टिकते, आणि दोनच कानांवर असली तर तिचा थांग ब्रह्मदेवालाही लागत नाही. पंचतंत्रातही षट्कर्ण टाळा असा सल्ला आहेच. आता तुमच्या वाक्प्रचाराकडे बघा, त्यातही हिशोब तोच आहे. तू दोन कान, मी दोन कान, खांब शून्य कान, एकूण चार. इंग्रजांनी तिसरा आणलाय खरा पण कान वाढू दिलेले नाहीत. तुमचा बहिरेपणाचा अंदाज मला म्हणूनच पटतो.

गंमत म्हणजे मराठीत षट्कर्णी म्हणजे जगजाहीर. पेपरात सर्रास 'ही बातमी षट्कर्णी झाली' लिहितात तेव्हा गावभर झालेली असते. हिशोबाने तीनच माणसं आहेत. पण तिसऱ्याला कळलं म्हणजे गावाला कळलं हे आपल्या भाषेने गृहीतच धरलंय.

टोणगा:

पंतोजी, दोनच कान म्हणजे ज्याचं त्यालाच माहीत ना? मग ती मसलत कसली, तो तर माझा बँक बॅलन्स झाला.

पंतोजी:

ब्रह्मदेवाला थांग लागणार नाही इतका कमी आहे का?

टोणगा:

भावना पोचल्या.

राईनकाठची:

पंतोजी कान मोजतायत म्हणून लिहितेय, इथे जर्मनीत डोळे मोजतात. 'उंटर फिअर आउगेन', चार डोळ्यांखाली. बॉस म्हणाला की जरा चार डोळ्यांखाली बोलायचंय की समजायचं केबिनचं दार लागणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझ्या चष्म्यावरून काहीतरी बोलतोय, चार डोळे म्हणजे शाळेत आपण चष्म्याला चिडवायचो तसं.

पण खरी मजा पुढे आहे. मी बँकेत काम करते, तिथे 'फिअर आउगेन प्रिंत्सीप' असतं, चार डोळ्यांचा नियम, म्हणजे कुठलंही मोठं पेमेंट एकट्याने सोडायचं नाही, दुसऱ्याने तपासून सही केली पाहिजे. म्हणजे तेच चार डोळे एका वाक्यात गुपित राखायला आणि दुसऱ्या वाक्यात कोणी गुपचूप काही करू नये म्हणून. भाषा काय काय करते!

हळद्या:

बेडपोस्टवरून आठवलं. आजी एक गोष्ट सांगायची, त्यात राजाचा एक पलंग असतो आणि रात्री राजा झोपला की पलंगाचे चार पाय एकेक करून गावात फेरफटका मारायला जातात. एक पाय गेला की बाकीचे तिघे पलंग सावरून धरतात. परत आला की तो काय बघितलं ते सांगतो, कुठे चोर शिरलेत, कुठे साप आहे, प्रधान काय कट करतोय. राजा डोळे मिटून सगळं ऐकत असतो. त्यामुळे पलंगाच्या खांबासमोर मी तर काही बोलणार नाही बुवा. इंग्रजांचा बहिरा असेल, आपला हेरखात्यात आहे.

आणि दुसरी ती न्हाव्याची. राजाचे कान गाढवाचे असतात, फक्त न्हाव्याला माहीत, त्याचं पोट फुगायला लागतं म्हणून तो रानात जाऊन एका झाडाला सांगून येतो. त्याच झाडाचा पुढे ढोल होतो आणि भर दरबारात ढोल बोलतो. ग्रीकांकडे हाच राजा मिडास, तिथे न्हावी जमिनीत खड्डा करून सांगतो आणि त्यावर उगवलेली लव्हाळी वाऱ्यावर कुजबुजतात. म्हणजे लाकूड बोलतं यावर दोन्हीकडे एकमत आहे. दगडफूल, तुमच्या त्या खांबाचं लाकूड कुठल्या झाडाचं ते बघून घ्या.

दगडफूल:

हळद्या, _/\_ काय सॉलिड! पण इकडचे जुने फाटकाचे खांब लाकडी नसतात, दगडी असतात. शनिवारी चालायला गेलो होतो, शेतांच्या कडेने गुडघ्यापासून छातीपर्यंत उंचीच्या दगडी भिंती, आणि मधेच दोन उभे दगड, काळपट, पावसाने खाल्लेले, बिजागरीचा लोखंडी हूक गंजून तसाच राहिलेला आणि फाटक गायब. मेंढ्या आरपार जातायत. त्या बाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या आमच्याकडे याला स्टूप म्हणतात, गेटपोस्ट काय ते दक्षिणेकडच्या लोकांचं. मग तुम्ही स्वतः गेटपोस्ट का म्हणालात विचारलं तर म्हणाल्या तुला कळावं म्हणून. आणि मला कळलं हे असं.

मांडवीकाठ:

गोव्यातून थोडी भर घालतो. गुपित राखायला इंग्रजीत आणखी एक जुना प्रयोग आहे, 'अंडर द रोज', गुलाबाखाली. लॅटिनमध्ये 'सब रोझा'. कथा अशी सांगतात की प्रेमाची देवी व्हीनस, तिच्या भानगडी बाहेर फुटू नयेत म्हणून तिच्या मुलाने, क्युपिडने, मौनाच्या देवाला, हार्पोक्रॅटिसला, गुलाब लाच दिला. तेव्हापासून गुलाबाखाली बोललेलं तिथेच राहतं.

पण हा हार्पोक्रॅटिस मौनाचा देव झाला कसा ते ऐका. तो मुळात इजिप्तचा, बाळ होरस. इजिप्तमध्ये लहान मूल दाखवायचं तर बोट तोंडाशी नेलेलं दाखवायची रीत, बोट चोखणारं पोर. ग्रीकांनी मूर्ती बघितली, तोंडावर बोट, आणि म्हणाले हा तर शू शू म्हणतोय. झाला मौनाचा देव! उद्या आपला वटपत्रावरचा बाळमुकुंद पायाचा अंगठा चोखताना बघून कोणी त्याला योगासनांचा देव करील.

आमच्याकडे चर्चमध्ये कुमसाराला जातात, म्हणजे पाद्रीसमोर पापं कबूल करायला. त्या लाकडी खोपटीत मधे जाळी असते, पाद्रीचा कान जाळीला, आपण पलीकडे गुडघ्यावर. युरोपात त्या खोपटीवर गुलाब कोरायची पद्धत होती ती यासाठीच. तिथे ऐकलेलं पाद्रीने कुठल्याही कारणासाठी कोणालाही सांगायचं नाही, मेला तरी. प्राग शहरात नेपोमुकचा संत जॉन म्हणून आहे, त्याला १३९३ मध्ये राजाच्या हुकमाने नदीत बुडवून मारलं, आणि दंतकथा अशी की राणीने काय कबूल केलं ते त्याने राजाला सांगितलं नाही म्हणून. तिथल्या चार्ल्स पुलावर त्याचा पुतळा आहे. माझी मावशी लहानपणी मला सांगायची, कुमसारात खोटं बोललास तर पाद्रीला कळत नाही पण लाकडाला कळतं. हळद्या, म्हणजे तुमच्या लाकडाला आमच्याकडूनही एक मत.

मुळामुठा:

अच्छा म्हणजे इलेक्ट्रिशियन जे 'सीलिंग रोज बदलावा लागेल' म्हणतो त्यातला रोज तोच का? मी आजवर त्याला सिलिंगरोज असा एकच शब्द समजत होतो, सिलिंडरचा भाऊ.

मांडवीकाठ:

हो, जुन्या घरांत छताच्या मधोमध प्लास्टरचं फूल असायचं, त्यातून झुंबर लटकायचं, त्यावरून पंख्याच्या वरच्या त्या गोल डबीला नाव पडलं. जेवणाच्या टेबलावर गुलाब म्हणून ते फूल, असंही सांगतात. आता तिथे फक्त दोन वायरी असतात आणि एक पाल.

आवंढा:

काही म्हणा, बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही हे धर्मराजाने शाप देऊनच ठेवलंय. शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच आहे. कर्ण आपला भाऊ होता हे कुंतीने लपवलं म्हणून युधिष्ठिराने तमाम स्त्रीजातीला शाप दिला की यापुढे त्यांना गुपित राखता येणार नाही. धाग्यातही बातमी बाईंनीच फोडली आहे बघा.

लिंबूसरबत:

आवंढा, एक मिनिट. कुंतीने लग्नाआधीपासून ते अख्खं युद्ध संपेपर्यंत गोष्ट पोटात ठेवली. मधे मुलांची लग्नं झाली, वनवास झाला, एकमेकांवर बाण रोखून उभे राहिले, तरी ब्र काढला नाही. जिच्या तोंडात आयुष्यभर तीळ भिजला तिच्याच निमित्ताने शाप काय तर तुमच्या तोंडात तीळ भिजणार नाही? म्हणजे राखलं म्हणूनही शिक्षा. आणि धाग्यात बाईंनी चार कानांत सांगितलं होतं, जेवणाच्या टेबलावर पार्किंग विचारणारे कोण होते ते परत वर जाऊन वाचा.

दगडफूल:

मान्य, मान्य. मीच.

हळद्या:

+१ लिंबूसरबत. 'तोंडात तीळ भिजत नाही' ही मला मराठीतली सर्वात चित्रमय म्हण वाटते. तीळ भिजायला असा कितीसा वेळ लागतो, तेवढाही तोंड बंद राहत नाही.

आवंढा:

मी फक्त संदर्भ दिला होता. असो.

काळाकोट:

धर्मराजाचं राहू द्या, कायद्याचं सांगतो. नवराबायकोंनी लग्नाच्या काळात एकमेकांना जे सांगितलं ते कोर्टात उघड करायची सक्ती करता येत नाही, आणि सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय उघड करायला परवानगीही नाही. १८७२ च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम १२२, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२८. अपवाद दोन, नवराबायकोतच दावा चालू असेल तर, किंवा एकाने दुसऱ्यावर गुन्हा केल्याचा खटला असेल तर.

आता खांबाकडे येतो. हे संरक्षण नवराबायकोला आहे. शेजारच्या खोलीत उभ्या असलेल्या तिसऱ्याने ऐकलं असेल तर त्याला साक्ष द्यायला या कलमाची आडकाठी नाही. म्हणजे कायद्यालाही तिसरा बहिरा असेल तरच गुपित टिकतं. आणि हल्ली तिसरा म्हणजे मोबाइल. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटस्फोटाच्या एका प्रकरणात सांगितलं की जोडीदाराचे चोरून रेकॉर्ड केलेले फोन पुरावा म्हणून चालू शकतात, कारण दावा नवराबायकोतला असल्यामुळे वरचा अपवाद लागतो. माझ्याकडे अशिलं येतात ती हल्ली पेनड्राइव्हच घेऊन येतात. एकदा एका गृहस्थांनी तीन तासांची ऑडिओ आणली, त्यात दोन तास चाळीस मिनिटं कुकरच्या शिट्ट्या आणि मालिका.

टोणगा:

उरलेली वीस मिनिटं काय होती? बिट्वीन यू, मी अँड द कुकर.

काळाकोट:

ते सांगितलं तर माझी सनद जाईल. वकील-अशिलाचं कलम वेगळं आहे, १३२, तेही वाचून घ्या.

रातपाळी:

बावीस वर्षं पेपरात काढली आहेत म्हणून दोन शब्द. लोकांना वाटतं सगळं बोलून झाल्यावर 'हे ऑफ द रेकॉर्ड हं' म्हटलं की झालं. तसं नसतं, ते बोलायच्या आधी ठरवायचं असतं आणि समोरच्या बातमीदाराने हो म्हणावं लागतं. पुढारी हे बरोबर जाणतात. गाडीत बसताना, एक पाय आत एक पाय बाहेर असताना हळूच 'छापू नको' म्हणून जे सांगतात ते छापून यावं हीच त्यांची इच्छा असते, फक्त नाव नको असतं. 'विश्वसनीय सूत्रांनी' म्हणजे तो गाडीचा दरवाजा.

लंडनच्या चॅटम हाउसचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय घडामोडींवर चर्चा करणाऱ्या संस्थेचा, एक नियम प्रसिद्ध आहे, १९२७ चा. तिथल्या बैठकीत जे ऐकलं ते बाहेर वापरायला मोकळीक, पण कोण बोललं, कुठल्या संस्थेचा होता, खोलीत आणखी कोण होतं हे सांगायचं नाही. लोक 'रूल्स' म्हणतात पण नियम एकच आहे. मला हा फाटकाच्या खांबाच्या बरोबर उलटा वाटतो. खांबवाले म्हणतात गोष्ट बाहेर जाऊ नये. चॅटमवाले म्हणतात गोष्ट जाऊ दे, माणूस जाऊ नये. आमच्या धंद्यात दुसराच चालतो.

राईनकाठची:

बरोबर, म्हणूनच बहुतेक ऑफिसातल्या गप्पा 'कोणाकडून कळलं ते विचारू नकोस' ने सुरू होतात.

मुळामुठा:

इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात यावर पोस्टर्सच काढली होती ना, १९४० ची, 'केअरलेस टॉक कॉस्ट्स लाइव्ज'. एकात दोन बायका बसमध्ये गप्पा मारतायत आणि मागच्या सीटवर हिटलर आणि त्याचा उजवा हात गोअरिंग पोरांसारखे कान टवकारून बसलेत. फुगास नावाने काढायचा तो चित्रकार. माझ्याकडे त्याचा कोस्टर आहे, त्यावर चहाचा कप ठेवून मी सगळ्या सोसायटीबद्दल बोलतो.

उसाचं पाचट:

शब्दाशिवाय गुपित बोलायचं असेल तर बैलबाजारात या. दोन माणसं हातात हात घेतात, वर उपरणं किंवा टॉवेल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव ठरतो. तोंडाने एक आकडा नाही, नुसतं मान हलवणं आणि 'बघा बुवा' 'नाय परवडत'. भोवती वीस माणसं उभी असतात, बैल उभा असतो, ज्याचा बैल तो शेतकरी पण कधीकधी नुसता उभाच असतो, आणि सौदा दलाला-दलालांत होऊन जातो. मी लहान होतो तेव्हा वडिलांबरोबर असाच एक खोंड विकायला गेलो होतो. टॉवेलाखालून हात निघाला आणि वडिलांना जो आकडा सांगितला तो टॉवेलाखालचा होता का हे आम्हाला आजवर माहीत नाही. परत येताना एसटीत वडील दावं हातात गुंडाळत सोडत बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. तुमचा गुलाब आणि आमचा टॉवेल, खाली काय चाललंय ते वरच्याला कळू नये एवढंच.

दगडफूल:

पाचट, हे वाचून जरा गप्पच झालो.

टोणगा:

चलाम चगळंस चळतंक.

लिंबूसरबत:

अरे देवा, च ची भाषा! 'मला सगळं कळतं.' आम्ही दोघी बहिणी आईसमोर बोलायचो आणि वाटायचं आईला काही कळत नाही. दहावीनंतर एक दिवस आईने शांतपणे च भाषेतच विचारलं की तो सायकलवाला कोण. आईनेच ती शाळेत आमच्या मावशीबरोबर चालू केली होती.

भुईरिंगणी:

धागाकर्त्याने विचारलं होतं मराठीत तिसरा कोण. सगळे कान, डोळे, गुलाब, टॉवेल करत फिरले पण जातं कोणालाच आठवलं नाही?

बाईने पहाटे कोणाला सांगितलं? जात्याला. माहेरची आठवण, सासूचा जाच, नवऱ्याचं दुसरीकडे जाणं, मूल न होणं, सगळं. माणसांपुढे बोलायची सोय नव्हती ते जात्यापुढे गायलं. ओव्यांमध्ये जात्याला ईश्वर म्हणतात, 'जात्या ईसवरा' करून त्याच्याशी बोलतात. हातात धरायचा तो लाकडी खुंटा, खाली दगड. दगडफूल, तुमचा खांब आणि आमचा खुंटा एकाच घरचे की.

माझी आजी दळायची ते मी बघितलंय, गिरणी गावात आली होती तरी सणाचं पीठ-बिठ तिला जात्यावरचंच लागायचं. एक पाय लांब, एक दुमडलेला, डाव्या हाताने वैरण घालायची, उजवा हात खुंट्यावर. ओवी चालू असायची, शब्द नीट ऐकू यायचे नाहीत कारण घरघर मोठी. मला आता वाटतं ती घरघरच तिची खोली होती, दार लावलेली. आणि मागून चुलतीची किंवा आजोबांची चाहूल लागली की ओवी अर्ध्यात वळायची. पहिली ओळ कोणाच्यातरी नावाने सुरू झालेली असायची आणि दुसरी ओळ थेट पंढरपूरला. चाल तीच, हात तसाच फिरतोय. आम्ही पोरं हसायचो, आजीचा विठोबा कसा अचानक येतो म्हणून.

पंतोजींच्या हिशोबात हे बसतं का बघा. इथे समोर दुसरा माणूसच नाही. दोन कानांचीच मसलत, पण मोठ्याने गायलेली.

पंतोजी:

भुईरिंगणी, दंडवत. नाही बसत हिशोबात. सुभाषित लिहिणाऱ्याने कधी दळलं नसणार.

रातपाळी:

यात पुढचा भाग असा आहे की या ओव्या गोळा झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगावच्या बायकांबरोबर बसून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या आणि आता त्या 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात, बाईचं आणि गावाचं नाव सकट. जात्याला सांगितलेलं आता कोणीही हेडफोन लावून ऐकू शकतो. मी एका रात्री तीन तास ऐकत बसलो होतो. चांगलं झालं की वाईट ते मला ठरवता येत नाही.

भुईरिंगणी:

मलाही नाही. पण त्या बायकांनी स्वतः बसून गायल्या ना रेकॉर्डिंगला, त्यांना माहीत होतं कोण ऐकतंय. आजीच्या अर्ध्यात वळलेल्या ओव्या काही कोणाच्या यादीत नाहीत, त्या गेल्या तिच्याबरोबर. जातं आता भावाच्या बंगल्यात बागेत आहे, त्यावर तुळशीची कुंडी.

हळद्या:

वाचनखूण साठवली.

आवंढा:

व्याकरणाचं एक राहिलं. बरेच सुशिक्षित लोक 'बिट्वीन यू अँड आय' म्हणतात, ते चूक आहे ना? 'आय' नाही, इंग्रजीतलं 'मी' (me) पाहिजे.

मुळामुठा:

शाळेच्या व्याकरणाप्रमाणे चूकच. पण शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या अँटोनियोच्या पत्रात 'बिट्वीन यू अँड आय'च आहे, त्यामुळे कोणी पकडलं तर हात वर करून तिकडे बोट दाखवायचं. आमच्या सरांना मी दाखवलं होतं. सर म्हणाले, शेक्सपिअरला मार्क्स नको होते, तुला हवेत.

दगडफूल:

धाग्याचं सोनं केलंत सगळ्यांनी, मला वाटलं होतं पाचसहा प्रतिसाद येतील. आता शेवट सांगतो काय झालं ते. पार्किंग प्रकरणानंतर मला दोन रात्री झोप नाही, बाईंच्या नावावर गंडांतर येणार, निवृत्तीच्या तोंडावर माझ्यामुळे त्यांना बोलणी बसणार. शेवटी सोमवारी केक घेऊन गेलो आणि सगळं कबूल करून टाकलं, मांडवीकाठ म्हणतात तसं कुमसारच. बाई आधी काही बोलल्या नाहीत. केकचा तुकडा कापला. मग म्हणाल्या, अरे तुला म्हणून सांगते, ही गोष्ट मी ज्या दिवशी तुला सांगितली त्या दिवशी सकाळपासून अजून सहा जणांना सांगितली होती, प्रत्येकाला वेगवेगळं, प्रत्येकाला गेटपोस्टची शपथ घालून. आणि मला ती कोणी सांगितली असेल असं तुला वाटतं? पार्किंगवाल्यानेच.

म्हणजे त्याचा घास अडकला तो बातमी ऐकून नव्हे, आपलं सांगितलेलं इतक्या लवकर फिरून आपल्याच ताटात पडलं म्हणून.

पंतोजी:

सहा जण अधिक तुम्ही, अधिक बाई, अधिक तो साहेब. अष्टादशकर्णी. खांब धरला नाही.

किर्र रान:

नमस्कार, मी पण लीड्सलाच असतो, हा धागा वाचून चमकलोच कारण आमच्याही ऑफिसात अगदी हेच चाललंय, नदीच्या बाजूची बिल्डिंग, चौथा मजला, आमची एचआरवाली तर काल म्हणत होती की तारीख पण ठरलीये. तुम्ही त्याच बिल्डिंगमधले का? व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय, बघा.

दगडफूल:

व्यनि मिळाला. हो. प्लीज तुमचा वरचा प्रतिसाद लगेच संपादित करा, त्यात तुम्ही मजला लिहिलाय.

टोणगा:

स्क्रीनशॉट काढून झालेला आहे.